घाट चढून नेलेला ‘ळ’

आमच्या घरात ‘ळ’ नव्हता. जळगावजवळच्या आमच्या असोद्याच्या चहूबाजूंनी केळी, पण आम्ही जन्मभर खाल्ली ती केयीच. सकाळ नव्हती, सकाय होती. डोळे नव्हते, डोये होते. बाजाराला जायचं तर ‘जयगावले’ आणि मावशीकडे जायचं तर ‘धुयाले’. हिवाळ्यात आई अंगणात काड्या पेटवून वांगी भाजायची. त्यांचा धूर ओट्यावरून गल्लीत जायचा, गल्लीतून परत घरात यायचा, आणि धुराआडून तिची हाक यायची, "उठ रे, शायाची येय झाली!" मग भाजलेली वांगी लाकडी बडगीत पडायची, मिरच्या पडायच्या, आणि मुसळीचा धप धप आवाज सुरू झाला की आबा, म्हणजे माझे वडील, पेपर बाजूला ठेवून पाटावर येऊन बसायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. ‘कळण्याची’ हे मी आत्ता लिहिलं. तेव्हा ती कयन्याची भाकर होती, आणि तिची चव ‘ळ’ लागल्यावर वाढली असं काही मला वाटत नाही.

‘ळ’ माझ्या तोंडात बसवला तो जळगावच्या कॉलेजातल्या हशाने. वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता खेड्यातलं शिक्षण. मी छाती काढून उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात म्हणालो, "आमच्या गावच्या शायेत..." मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बस रे शाया!" आणि सगळा वर्ग हसला. परीक्षकही हसले, रुमाल तोंडाला लावून. खेड्यातल्या शिक्षणावर बोलायला खेड्यातला पोरगा उभा राहतो आणि खेड्याच्या जिभेवरून त्याला खाली बसवलं जातं, याचा संताप मला आजही येतो. तेव्हा संताप आला नाही, लाज आली. मी एक वही केली. डाव्या बाजूला आमचा शब्द, उजव्या बाजूला शुद्ध. फय – फळ. काया – काळा. मया – मळा. सहा महिने रोज पाठ केली. शेवटी अशी सवय लागली की कोणाच्याही तोंडून ‘य’ ऐकला की माझं डोकं तिथे आपोआप ‘ळ’ बसवायचं. घरी एकदा म्हणालो, "आई, मला सकाळी लवकर उठव." आई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "मास्तर झाला का रे तू? सकायी उठ नाही तं सकाळी उठ, पन उठ बापा एकदाचा."

त्याच ‘ळ’मुळे मी नानांच्या नजरेत भरलो. नाना आमच्या संघटनेचे पुढारी. जळगावात एका छापखान्यामागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड असायचं, शाईचा वास, चहाचे पेले, भिंतीला टेकलेले फलक. पत्रक कसं लिहायचं ते मी तिथे शिकलो. नाना सांगायचे, "पहिल्या ओळीत गुन्हेगार कोण ते सांग. दुसऱ्या ओळीत लोकांना उभं कर. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द आला तर कागद वाया गेला समज." मी ते इतकं मनावर घेतलं की वर्षभरात माझ्या डोक्यातूनही ‘कदाचित’ गेला. "याची भाषा बघा," नाना बाकीच्यांना सांगायचे, "असोद्याचा आहे असं वाटतं का?" हे मी कौतुक समजायचो.

मग सरकारने ठरवलं की कमी पटाच्या शाळा बंद करायच्या आणि त्यांची मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. कागदावर ‘जवळ’ हा शब्द फार स्वस्त असतो. साक्रीच्या पश्चिमेला, जिथे धुळे जिल्हा डोंगरात शिरतो, तिथे ‘जवळ’ म्हणजे मधे एक घाट, एक ओढा आणि सात-आठ वर्षांच्या पोरींचे पाय. हरकत घ्यायला गावांना मोजके दिवस दिले होते आणि ही मुदत गावोगाव कळणार नाही याची व्यवस्थाही केली होती. नानांनी ठरवलं, दोघांनी सायकलवर जायचं. सात पाडे, सात सभा, सात हरकती, आणि परतीत सगळं धुळ्याच्या कचेरीत दाखल करायचं. सायकल का, तर जीपमधून उतरणारा माणूस डोंगरात साहेब वाटतो. सायकल ढकलत, घामाने भिजलेला माणूस आला की लोक आधी पाणी देतात, मग ऐकतात. नानांचं हे म्हणणं खरं निघालं. त्या प्रवासात पूर्ण खरी निघालेली ती एकच गोष्ट.

माझ्या सोबतीला होता रफिक. त्याच्या वडिलांचं भडगावला सायकल दुरुस्तीचं दुकान. रफिकचे हात कायम ग्रीसने काळे, आणि तोंड त्याहून. माझ्याकडे आबांची जुनी काळी बावीस इंची सायकल होती. त्याने ती उलटी उभी केली, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "ही सायकल नाही, तुझ्या आबांची पेन्शन आहे. घाट चढेल, पण तुला खाली उतरवून." त्याने मागचं फ्रीव्हील काढून जास्त दातांचं बसवलं, ब्रेकची रबरं बदलली, कॅरियरला बाजूने दोन पिशव्या शिवून दिल्या. एका पिशवीत पत्रकं आणि शाईचा पॅड, दुसरीत आईने दिलेल्या भाकरी, तीळ-मिरचीची चटणी आणि केळीचे वेफर. आई दारात उभी राहून म्हणाली, "कुठी चालला रे? नोकरी नाही, धंदा नाही, सायकल घेऊन डोंगरात जाऊ राह्यला. तथी काय तुही सासुरवाडी हाय?" आबांनी फक्त मागच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून बघितली.

एरंडोलला रफिक येऊन मिळाला, पारोळ्याला आम्ही जेवलो, आणि पहिला दिवस हमरस्त्यावरच्या ट्रकांनी खाल्ला. प्रत्येक ट्रक गेला की सायकल आधी बाहेर फेकली जायची आणि मग आत ओढली जायची. धुळ्यात मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी साक्री, तिसऱ्या दिवशी पिंपळनेर ओलांडलं आणि जमीन उभी राहायला लागली. मी सपाटीवरचा माणूस. माझ्या गावात उंच म्हणजे पाण्याची टाकी. घाटात पहिल्या वळणाला मी उभा राहून पॅडल मारलं, दुसऱ्याला जीभ बाहेर आली, तिसऱ्याला उतरलो. मग ढकलणं. दोन्ही हात हँडलवर, छाती पुढे, पावलं इतकी लहान की रस्त्यावरचे मुंगळे आम्हाला मागे टाकून जायचे. सागाची वाळलेली पानं चाकाखाली कुरकुरायची. रफिक मागून ओरडायचा, "वक्ते, भाषण कर ना, तेवढीच हवा लागेल!" पत्रकांचं ओझं घाटात कळतं. हजार पत्रकं म्हणजे किती राग, असं मी छापखान्यात म्हणालो होतो. घाटात ती हजार पत्रकं म्हणजे नुसतं वजन होतं.

सहा पाडे चार दिवसांत झाले. तिथे शिक्षक भेटले, शाळेच्या भिंतीवर नाव होतं, ग्रामपंचायतीचा शिक्का होता. सातवा पाडा सगळ्यात उंच. वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एक बाई शाळेच्या पडवीत खिचडीची मोठी पातेली घासत होती. रमीबाई तिचं नाव. शाळेत पोरांसाठी ती शिजवायची आणि तिची शेवंती तिथेच तिसरीत होती. तिथले लोक आपसात त्यांची डोंगरातली बोली बोलतात, पण आमच्यासारख्याशी अहिराणी.

"कथाइन उनात रे भाऊ?" तिने विचारलं.

"जळगावहून."

"सायकलवर?" तिने हातातली पातेली खाली ठेवली. "गाडी नही भेटनी का?"

रफिक म्हणाला, "भेटली होती अक्का, पण ह्याला डोंगराला हात लावून यायचं होतं." ती इतकी हसली की आतून पोरं बाहेर आली. तिने आम्हाला पाणी दिलं, मग नागलीची भाकर आणि भाजलेली मिरची. सभा भरली. मी बोललो, आणि चांगला बोललो. शाळा बंद करणारे कोण, त्यांची मुलं कुठे शिकतात, तुमच्या पोरींनी काय गुन्हा केला. लोक माना हलवत होते. रमीबाई म्हणाली, "खाले घाटमा पोरी कशा जातीन? माले शाया नही भेटनी. इले भेटी म्हनीसन मी आठे खिचडी शिजाडस. तुम्हीं लिखा. बठ्ठा आंगठा देतीन."

"गावाचं नाव काय?"

"मायपाडा."

आणि माझ्या डोक्याने आपलं काम केलं. माय म्हणजे माळ. जसं जयगाव म्हणजे जळगाव. डोंगरावरचा माळ, म्हणून माळपाडा. शिक्षक त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलेले. शाळेच्या भिंतीवर नाव होतं, पण ओलीने मधला पोपडा पडलेला. ‘मा’ राहिला होता आणि ‘पाडा’ राहिला होता. मी अर्जाच्या माथ्यावर कोरून काढावं तसं ठळक अक्षरात लिहिलं: मौजे माळपाडा.

रफिक वाकून बघत होता. "अरे, ते माय म्हणू राह्यले. माय लिही ना."

"तुमच्याकडे धुळ्याला काय म्हणतात?"

"धुये."

"मग धुये लिहायचं का अर्जात?"

"एखाद्याचं आधार कार्ड बघून घे मग. दोन मिनिटांचं काम."

इथे मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण ते मी पत्रकातही वापरायचो. मी म्हणालो, "कागद मागणारे ते. आपण लोकांना कागद मागत नाही." रफिकने खांदे उडवले आणि तो चेन पुसायला गेला. आज मला वाटतं, तत्त्व हातात असलं की माणूस किती सहज आळशी होतो.

लोक एकेक करून अंगठा देत होते. शेवंती माझ्या खांद्यामागे उभी राहून एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत वाचत होती. मग तिने माझी बाही ओढली. "भाऊ, हाऊ तं ळ शे."

"हो. ळ च आहे."

"आमनं गाव य ना शे. माय. माय-बापनी माय."

मी हसलो. खरंच मायेने हसलो, ते जास्त वाईट. म्हणालो, "तू हुशार आहेस. पण बोलायचं वेगळं असतं आणि शुद्ध लिहायचं वेगळं. मोठी झालीस की कळेल." आणि तिला वेफरची पुडी दिली. कॉलेजातल्या परीक्षकांनी तोंडाला रुमाल लावला होता, मी तेवढाही लावला नाही.

उतरताना आम्ही गात होतो. घाट उतरून, दीड दिवस सायकल हाणून, शेवटच्या तारखेला आम्ही धुळ्याच्या कचेरीत पोचलो. कारकुनाने सातही हरकतींवर पोच दिली. रफिकने शिक्क्यांचा फोटो काढला. मावशीने शेवभाजी केली आणि मी तीन वेळा वाढून घेतली.

पत्रं आली ती उन्हाळ्यात. सहा पाड्यांपैकी चारांच्या हरकती, नाव-गाव सगळं बरोबर असून, एकाच साच्यातल्या दोन ओळींनी फेटाळल्या होत्या. दोन शाळा वाचल्या. सातव्या पत्रात लिहिलं होतं की माळपाडा येथील शाळेची पटसंख्या पुरेशी असून ती बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव नाही, सबब हरकत निकाली काढण्यात येत आहे. त्याच तालुक्यात, पार दुसऱ्या टोकाला, खरोखरच एक माळपाडा होता. रस्त्यावरचं मोठं गाव. आणि बंद करायच्या शाळांच्या यादीत मायपाड्यापुढे लिहिलं होतं: हरकत प्राप्त नाही. गावाने मुकाट मान्य केलं, असा त्याचा अर्थ. अख्ख्या पाड्याचे अंगठे माझ्या एका अक्षराखाली दुसऱ्याच गावाला गेले होते.

मी पत्र घेऊन नानांकडे गेलो. ते वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणालो, "नाना, चूक माझी आहे. आपण पुन्हा अर्ज करू, लोकांना सांगू." पुन्हा अर्जाची मुदत संपली होती, ते आम्ही पाहिलं, दोन खेपा घातल्या, साहेब म्हणाले आता वरून आदेश आलाय. राहिलं लोकांना सांगणं. नाना म्हणाले, "आपली चूक आपण पत्रकात छापत नसतो. उद्या सरकार तेच पत्रक दाखवील. आणि हे बघ, बरोबर नावाच्या चार गेल्याच ना? ही पाचवी गेली असती. शांत झोप." मायपाडा त्या चारांत पडला असता की दोनांत, हे आता कोणालाच कळणार नाही. याच गोष्टीचा आधार घेऊन मी झोपावं असं नाना म्हणत होते, आणि याच गोष्टीने माझी झोप गेली. तरी मी पत्रक लिहिलं. ‘हरकती दडपणाऱ्या सरकारचा धिक्कार असो.’ पहिल्या ओळीत गुन्हेगार. कदाचित कुठेही नाही. माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यात सफाईदार पत्रक, आणि त्यात सातव्या गावाच्या नावाला ‘य’ होता.

पावसाळा सरल्यावर मी एकटा गेलो. रफिकला विचारलं होतं. तो म्हणाला, "माझ्याकडून सायकल तयार करून घे, पण मी येत नाही. तू तिथे काय बोलणार ते मला ऐकायचं नाही." त्याने चाकं सरळ केली, चेनला तेल दिलं. या वेळी कॅरियरच्या पिशव्या रिकाम्या होत्या आणि घाट तेवढाच जड लागला. सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होतो, जशी पत्रकासाठी जुळवतो, आणि प्रत्येक वळणाला त्यातलं एक गळून पडत होतं.

शाळेच्या पडवीत चाऱ्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. रमीबाई घरी भेटली. तिने ओळखलं, आनंदाने ओळखलं, तेच पाणी, तीच भाकर. "तुम्हीं तं लिखं व्हतं भाऊ," तीच मला समजावत होती, "सरकारनीच आयकं नही. तुम्हीं काय करशात?" शेवंती आठ दिवस खालच्या शाळेत गेली, मग ओढ्याला पाणी आलं, मग पाय दुखतात म्हणाली, मग शेळ्यांमागे गेली. दिवाळीनंतर सगळेच उसाला गुजरातकडे जाणार होते. आता शाळा नसल्याने कोणाला मागे ठेवायचा प्रश्न उरला नव्हता.

मी सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितलं. सरकारने ऐकलं नाही असं नाही, सरकारपर्यंत तुमचं नाव गेलंच नाही. मी माय ऐवजी माळ लिहिलं. रमीबाईला अक्षर येत नव्हतं. मला वाटलं समजावून सांगावं लागेल, जमिनीवर काढून दाखवावं लागेल. तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"शेवंतीनी सांगं व्हतं माले," ती म्हणाली. "तुम्हीं गयात तव्हयच. म्हने, माय, त्या भाऊनी आमनं नाव चुकाडं." तिने हाताची मूठ केली आणि उघडली. "मी तिले चापट मारी. म्हनं, इतला शिकेल मानूस, सायकल ढकली ढकली आमनाकरता वर उना, आनि तू त्याले नाव ठेवस?"

मला तिने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने मला आणखी एक भाकर वाढली.

शेवंती शेळ्या घेऊन आली तेव्हा रमीबाई म्हणाली, "तिले सांगा तुम्हीच." मी उठून अंगणात गेलो. वर्षभरात ती हातभर उंच झाली होती, हातात काठी. मी माझ्या बोलीत बोललो, आईच्या, पुष्कळ दिवसांनी. म्हणालो, "तुव्हं बराबर होतं. य च होता. मीच चुकलो."

तिने माझ्याकडे बघितलं, मग शाळेकडे, मग परत माझ्याकडे. तिला वाटलं, एवढं कबूल करायला हा माणूस एवढा घाट चढून आला आहे तर त्यामागे काहीतरी असणार.

"मंग आते शाया उघडी का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने काठी फिरवली आणि चाऱ्याकडे वळलेल्या शेळीला हाकलत पडवीत गेली. मी सायकल काढली. ती वर न्यायला तीन तास लागले होते. उतरताना पॅडल मारावं लागत नाही, नुसता ब्रेक धरून बसायचं असतं. तो धरून बसलो.